कळसूबाई जिथे संपते, त्या उंचीवर सुरू होणारे घर

कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे, हे आमच्या अकोले तालुक्यातील शाळकरी मुलालाही पाठ असते. तोच आकडा पुष्कळ वर्षांनी मला अमेरिकेच्या संघ सरकारच्या एका दस्तऐवजात भेटला, तेव्हा मी वाचता वाचता थांबले. २००१ साली एका कोळ्यासाठी संरक्षित अधिवास ठरवताना त्या दस्तऐवजात कोळ्याच्या गरजा लिहून ठेवल्या होत्या आणि त्यांतील पहिली गरज अशी होती की, फर या सूचिपर्णी वृक्षांचे किंवा फरचे प्राबल्य असलेले फर-स्प्रूसचे जंगल हवे आणि ते १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट, किंवा त्याहून अधिक उंचीवर हवे. आमच्याकडचा सर्वांत उंच डोंगर जिथे संपतो, नेमक्या त्या उंचीवर या कोळ्याचे जग सुरू होते. ते संपते कुठे, हेही सांगता येते. अमेरिकेच्या पूर्वेकडील दक्षिण ॲपलाचियन पर्वतांतील सर्वांत उंच शिखर माउंट मिचेल हे २,०३७ मीटरचे आहे, म्हणजे या प्राण्याला राहायला उभ्या अंतरात जास्तीत जास्त ३९१ मीटर मिळतात. त्याच पर्वतांतला ग्रँडफादर माउंटन १,८१२ मीटरवर थांबतो आणि तिथे हा पट्टा १६६ मीटरचाच उरतो.

गेली बारा वर्षे मी नॉर्थ कॅरोलायनात राहते. डोंगरांची सवय लहानपणापासूनची असल्यामुळे सुट्टीच्या दिवशी पाय तिकडेच वळतात. या कोळ्याविषयी मी जे वाचत आणि त्याचे डोंगर जसे पाहत गेले, त्यातून माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. थंड हवामानातील जीवांचे आश्रयस्थान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पर्वत उभा राहतो, पण खरे आश्रयस्थान कित्येकदा पर्वताच्या एका धोंड्याच्या एका बाजूवर, तळहाताएवढ्या जागेत असते. त्या जागेविषयी सविस्तर लिहावे, असे बरेच दिवस मनात होते.

कोळ्याचे शास्त्रीय नाव मायक्रोहेक्झुरा माँटिव्हागा. इंग्रजीत त्याला स्प्रूस-फर मॉस स्पायडर म्हणतात आणि मराठीत त्याला नाव असण्याचे कारण नाही, म्हणून मी माझ्यापुरते त्याला मॉसकोळी म्हणते. १९२३ साली माउंट मिचेलवर गोळा केलेल्या नमुन्यांवरून सायरस क्रॉस्बी आणि शर्मन बिशप या दोघांनी १९२५ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पूर्ण वाढलेल्या कोळ्याची लांबी अडीच ते पावणेचार मिलिमीटर असते, म्हणजे तांदळाच्या कणीएवढी. रंग पिवळसर तपकिरीपासून तांबूस तपकिरीपर्यंत, पोटावर कसलीही नक्षी नाही. नुसते पाहिले तर दुर्लक्ष व्हावे असाच हा जीव आहे, पण त्याचे कूळ मोठे आहे. टॅरँटुला नावाचे मोठे केसाळ कोळी आणि बिळाला झाकण लावून बसणारे कोळी ज्या गटात येतात, त्याच गटातला हा एक अतिशय लहान सभासद आहे. आपल्या घराच्या कोपऱ्यात जाळे विणणाऱ्या कोळ्याचे विषदंत चिमट्यासारखे आडवे एकमेकांसमोर येतात, तर या गटातील कोळ्यांचे विषदंत कुदळीच्या घावासारखे वरून खाली बसतात. त्याचे जबडे डोक्याच्या पुढे ठळकपणे आलेले असतात, पोटाच्या टोकाशी सूत काढणाऱ्या नळ्यांची एक जोडी शरीराच्या मानाने फारच लांब असते आणि श्वासासाठी पुस्तकाच्या पानांसारखी रचना असलेली फुप्फुसे एकाऐवजी दोन जोड्यांत असतात. एवढे सगळे सामान कणीएवढ्या शरीरात भरलेले आहे, आणि शरीर इतके लहान असल्यामुळे त्यातले पाणी झटकन उडून जाते. कोरडी हवा लागली की तो फार लवकर सुकतो, आणि त्याच्या घराची सारी कथा या एका दुबळेपणातून निघते.

आपण मराठीत शेवाळ हा शब्द फार सैल वापरतो. ओढ्यातील निसरडा हिरवा थर हेही शेवाळ आणि पावसाळ्यात किल्ल्याच्या तटावर, विहिरीच्या कठड्यावर उगवणारी मखमल हेही शेवाळच. मी इथे दुसऱ्या प्रकाराविषयी बोलते आहे, ज्याला वनस्पतिशास्त्रात मॉस म्हणतात. लहानपणी आषाढात हरिश्चंद्रगडावरच्या दगडांवर बोट दाबले की ती मखमल खाली दबते आणि हळूहळू पुन्हा वर येते, हा खेळ मी कितीतरी वेळा खेळले आहे. ॲपलाचियन शिखरांवर ही मखमल बारा महिने असते. मोठ्या धोंड्यांवर मॉस आणि तिच्यासारखीच बुटकी वनस्पती लिव्हरवर्ट यांची घट्ट गादी पसरते आणि मॉसकोळ्याला हवी असते ती अशीच गादी, पण कोणतीही चालत नाही.

ती फार पातळ असेल तर वाळते. फार ओली असेल तर तिच्यात पाणी साचते आणि या आकाराच्या प्राण्याला पाण्याचा एक टपोरा थेंबही जिवावर बेतू शकतो. म्हणून ती दमट हवी, भिजलेली नको. तिच्यावर ऊन पडता कामा नये आणि पावसाची सरही थेट आदळता कामा नये, म्हणजे धोंड्याचा वरचा भाग किंचित पुढे आलेला असावा आणि ती बाजू उन्हाकडे पाठ करून असावी. गादी आणि खडक यांच्यामध्ये माती व कुजलेल्या पाल्याचा पातळ, ओलसर थर असावा. डिक्रॅनोडॉन्टियम या प्रजातीची मॉस असेल तर उत्तम. या अटी वाचताना मला आमच्या आजीची आठवण झाली, कारण पापड कुठे वाळवायचे आणि लोणच्याची बरणी कुठे ठेवायची, हे ती घरातील ऊन, वारा आणि ओल यांच्या अशाच बारीक हिशेबाने ठरवत असे.

त्या गादीच्या आणि खडकाच्या मधल्या फटीत मॉसकोळी पातळ भिंतींची, चपटी, नळीसारखी जाळी विणतो. नळीला आखूड फाटे फुटलेले असतात आणि काही वेळा ती मॉसच्या आतपर्यंत जाते. मॉसमध्ये स्प्रिंगटेल नावाचे अतिसूक्ष्म, उड्या मारणारे कीटकसदृश जीव मुबलक असतात आणि तेच त्याचे मुख्य अन्न मानले जाते. जून महिन्यात मादी पातळ, जवळजवळ पारदर्शक अशा पिशवीत सात ते नऊ अंडी घालते आणि तिच्यापाशीच थांबते. कुणी घराला धक्का लावला तर ती पिशवी विषदंतांत धरून दुसरीकडे नेते. पिल्ले सप्टेंबरात बाहेर पडतात. वर्षाला सात ते नऊ अंडी हा आकडा मी मुद्दाम सांगते आहे, कारण शेकड्यांनी अंडी घालणाऱ्या कोळ्यांना एखादा वाईट हंगाम भरून काढता येतो, पण याला ते जमणारे नाही. पुष्कळ लहान कोळी सुताचा धागा वाऱ्यावर सोडून दूरवर उडत जातात. इतक्या लवकर सुकणाऱ्या जीवाला तो प्रवासही सोसवणे कठीण. एका शिखरावरचा मॉसकोळी दुसऱ्या शिखरावर जायचा तर मध्ये उबदार, कोरडी, ओकच्या जंगलांची दरी आडवी येते आणि ती त्याच्यासाठी समुद्रासारखी असते.

आता तो या शिखरांवर आला कसा, हे पाहायला हवे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी शेवटचे हिमयुग भरात असताना उत्तर अमेरिकेचा मोठा भाग बर्फाच्या थराखाली होता, पण तो थर दक्षिण ॲपलाचियनपर्यंत पोहोचला नाही. त्या काळात आज कॅनडात दिसतात तशी सूचिपर्णी जंगले या डोंगरांच्या पायथ्याशी आणि त्याही खाली पसरलेली होती. हवा तापू लागली तशी ही जंगले दोन दिशांनी हटली. काही उत्तरेकडे सरकली आणि काही डोंगर चढून वर गेली. वर गेलेल्यांचे पुढे काय होते, हे डोंगरात वाढलेल्या कुणालाही सांगावे लागत नाही: चढता चढता माथा येतो आणि पुढे चढायला काही उरत नाही. आज ती जंगले माउंट मिचेल, ग्रँडफादर, रोन, माउंट रॉजर्स आणि ग्रेट स्मोकी पर्वतातील कुवोही व लेकाँट अशा मोजक्या माथ्यांवर टोपीसारखी उरली आहेत. शास्त्रज्ञ अशा माथ्यांना आकाशातील बेटे म्हणतात. कुवोहीला पूर्वी क्लिंगमन्स डोम म्हणत. २०२४ मध्ये त्याला त्याचे मूळ चेरोकी नाव अधिकृतपणे परत मिळाले. तिथे वर्षाला सरासरी ८५ इंचांहून अधिक पाऊस पडतो आणि पाऊस नसतो तेव्हाही ढग झाडांत अडकून सुयांवरून ठिबकत असतो. जुलैतही दुपारी स्वेटर लागतो.

मात्र ही गोष्ट फक्त शेवटच्या हिमयुगाची असती तर सर्व शिखरांवरचे मॉसकोळी एकमेकांचे बरेच जवळचे नातेवाईक निघाले असते. मार्शल हेडिन, फ्रेडरिक कॉयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली सहा पर्वतांवरील कोळ्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. यातील कॉयल यांनी १९८१ मध्येच या प्रजातीचा सखोल अभ्यास मांडलेला होता. २०१५ च्या अभ्यासात पेशीतील मायटोकॉन्ड्रियाचे एक आणि केंद्रकातील सात जनुके तपासली गेली. कोळी दिसायला सगळीकडे सारखेच आहेत, नरांची लैंगिक लक्षणेसुद्धा जवळजवळ बदललेली नाहीत, पण जनुकांत पाच ते सात स्पष्ट वेगळी घराणी दिसली, आणि काही ठिकाणी तर एकाच पर्वताच्या आतसुद्धा तुटलेपण आढळले. या घराण्यांना वेगळ्या जाती म्हणायचे की एकाच जातीच्या फार दुरावलेल्या शाखा, याबाबत संशोधकांनी स्वतःच सावध भूमिका घेतली आहे आणि ती मला योग्य वाटते. पण व्यवहारात त्याचा अर्थ साधा आहे. एका शिखरावरचे कोळी संपले तर शेजारच्या शिखरावरून आणून ती जागा भरता येणार नाही, कारण तिथे असतील ते वेगळ्या घराण्याचे असतील. याच्या सर्वांत जवळच्या जातभाईचे नाव मायक्रोहेक्झुरा आयडाहोआना, आणि तो राहतो सुमारे तीन हजार किलोमीटर दूर, खंडाच्या वायव्येकडील आयडाहो, ओरेगन, वॉशिंग्टनच्या ओल्या जंगलांत.

दोन वर्षांमागे माझे वडील इकडे आले होते. नवरात्रात कळसूबाईच्या यात्रेला ते तरुणपणापासून न चुकता जात आले आहेत, त्यामुळे इथला उंच डोंगर पाहायचा म्हटल्यावर त्यांना विशेष उत्साह होता. माउंट मिचेलच्या माथ्याजवळ गाडी जाते आणि पुढे थोडेच चालावे लागते, हे त्यांना तितकेसे रुचले नाही, पण माथ्यापासून निघणाऱ्या बाल्सम ट्रेलवर आम्ही शिरलो तेव्हा ते एकदम गप्प झाले. ढग झाडांमधून चालत होता. फरच्या सुयांचा, थोडासा संत्र्याच्या सालीसारखा, थोडासा धुपासारखा वास येत होता. वाटेच्या कडेला गाडीच्या टायरएवढा एक धोंडा होता आणि त्याची उत्तरेकडची बाजू वरच्या कडेखाली आत गेलेली होती. त्या आतल्या भागावर मॉसची गादी होती, बोटभर जाडीची, कडांना गडद आणि मध्ये पोपटी. धोंड्याच्या वरच्या भागावरही मॉस होती, परंतु तिच्याकडे नीट पाहिले तर फरक कळत होता. तिची टोके करपल्यासारखी तपकिरी झाली होती आणि एका बाजूने तिचा पापुद्रा खडकापासून सुटून वर आला होता, कारण त्या बाजूचे मोठे झाड मरून नुसता पांढरा खांब उभा राहिला होता आणि ढग विरला की तिथून ऊन सरळ आत येत होते. एकाच धोंड्यावर दोन वीत अंतरात एक घर शाबूत होते आणि दुसरे मोडलेले होते.

वडिलांनी सवयीने हात पुढे केला आणि मध्येच थांबवून मला विचारले, "लावू का हात?"

"नको बाबा. खाली कुणाचं घर असेल."

त्यांनी हात मागे घेतला, स्वेटरच्या खिशात घातला आणि मग गुडघ्यांवर वाकून बराच वेळ ती गादी नुसती पाहिली. त्या धोंड्याखाली मॉसकोळी होता की नाही, हे मी सांगू शकत नाही. मी तो कोळी प्रत्यक्ष पाहिलेला नाही आणि पाहण्याचा प्रयत्नही करणार नाही, कारण त्याला पाहायचे तर गादी उचलावी लागते आणि उचललेली गादी पुन्हा खडकाला पूर्वीसारखी चिकटेलच असे नाही. त्यासाठी परवाना लागतो, आणि तो लागतो हे चांगलेच आहे.

तो पांढरा खांब कशाने झाला, ते सांगितल्याशिवाय ही हकिकत पुरी होत नाही. फ्रेझर फर हे झाड फक्त दक्षिण ॲपलाचियनच्या उंच माथ्यांवर नैसर्गिकपणे वाढते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातून रोपांबरोबर एक कीटक उत्तर अमेरिकेत आला. बाल्सम वूली ॲडेल्जिड हे त्याचे नाव. तो आपल्याकडच्या माव्याचा दूरचा नातेवाईक, आकाराने एक मिलिमीटरपेक्षाही लहान, आणि झाडावर दिसतो मात्र द्राक्षवेलीवरच्या पिठ्या ढेकणासारखा, म्हणजे सालीवर पांढऱ्या कापसाचे ठिपके पडल्यासारखा. अमेरिकेत या कीटकाच्या सगळ्या माद्याच असतात आणि नराशिवाय त्यांची वाढ होते. तो सालीत सोंड खुपसून रस शोषतो तेव्हा त्याच्या लाळेमुळे झाड विकृत, जाड भिंतींच्या पेशींचे लाकूड बनवू लागते आणि मुळांकडून वर जाणारे पाणी अडते. झाड उभ्या उभ्या तहानेने मरते. युरोपातील फर वृक्षांना या कीटकाचा जुना सराव आहे. फ्रेझर फरला नव्हता. १९५७ मध्ये तो माउंट मिचेलवर आढळला, १९६३ मध्ये ग्रेट स्मोकी पर्वतात, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत या माथ्यांवरची पूर्ण वाढलेली बहुसंख्य फर झाडे मेली.

झाडे मेली, छत्र उघडले, ऊन आणि वारा धोंड्यांपर्यंत पोहोचले, मॉसची गादी वाळून तिचे पापुद्रे सुटले आणि त्या पापुद्र्यांखाली जे राहत होते त्यांची घरे गेली. कोळ्याला त्या कीटकाने स्पर्शही केला नाही. मला या साखळीने फार अस्वस्थ केले, आजही करते, कारण तिच्यात कुणी कोळ्याच्या वाईटावर नव्हते आणि कुणाला त्याची खबरही नव्हती. पूर्वी सापडलेल्या काही जागी मॉसकोळी दिसेनासा झाला आणि ६ फेब्रुवारी १९९५ रोजी संघ सरकारने त्याला धोक्यातील जातींच्या यादीत घेतले. फ्रेझर फरची लागवड डोंगरउतारांवर सर्वत्र होते. नाताळात इथल्या घराघरांत जे झाड उभे केले जाते, ते बहुधा हेच असते. पण लागवडीतले झाड तरुणपणीच तोडले जाते आणि त्याच्या सावलीत धोंड्यावर मॉस साठायला कधी वेळच मिळत नाही. त्यामुळे झाडाची जात सुरक्षित असणे आणि त्याची सावली सुरक्षित असणे या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कोळ्याला सावली हवी आहे.

इथपर्यंत वाचून असे वाटेल की थंडीतील कोळ्यांना माथ्याशिवाय आसरा नाही. तसे नाही, आणि दुसरे उदाहरण मला इतके आवडते की ते टाळता येत नाही. चेक प्रजासत्ताकाच्या उत्तर बोहेमिया भागात ज्वालामुखीच्या खडकाच्या टेकड्या आहेत, त्यांतील कित्येकांची उंची पाचशे मीटरसुद्धा नाही. त्यांच्या उतारांवर मोठमोठ्या दगडांचे घसारे आहेत. सह्याद्रीत भटकणाऱ्याला घसारा म्हणजे पाय घसरायची जागा एवढेच माहीत असते. पण दगड पुरेसे मोठे असतील तर त्यांच्यामधील पोकळ्या आतून एकमेकींना जोडल्या जातात आणि सगळा उतार धुराड्यासारखा काम करू लागतो. हिवाळ्यात आतील हवा बाहेरच्या हवेपेक्षा उबदार, म्हणून हलकी असते. ती वरच्या तोंडांतून बाहेर पडते आणि तिच्या जागी पायथ्याकडून गोठलेली हवा आत ओढली जाते. अशाने पायथ्याचे दगड खोलवर गारठतात. वसंतात वितळलेल्या बर्फाचे पाणी त्या गारठलेल्या दगडांत झिरपते आणि पुन्हा गोठते. उन्हाळ्यात प्रवाह उलटा होतो: आतील थंड, जड हवा खाली घसरून पायथ्याच्या फटींतून बाहेर येते आणि बाहेर माणसे घामाघूम झालेली असताना तिथे दगडांखाली बर्फ सापडतो. याच खेळाचे दुसरे टोक बोरेच नावाच्या ४४९ मीटरच्या टेकडीवर दिसते. हिवाळ्यात तिच्या माथ्यावरील फटींतून ऊबदार वाफ निघते आणि त्या उबेवर भूमध्य प्रदेशाची टार्जिओनिया ही लिव्हरवर्ट तिथे तग धरून आहे.

व्लास्तिमिल रूझिच्का या चेक संशोधकांनी अशा घसाऱ्यांच्या पोटात सापळे सोडून अनेक वर्षे कोळी गोळा केले. त्यांत जे सापडले ते त्या उंचीवर असायला नको होते. बॅथिफँटिस युमेनिस हा कोळी १८७९ मध्ये सायबेरियातून वर्णिला गेला होता. त्याचा एक वेगळा पडलेला प्रकार बोहेमियातील या थंड घसाऱ्यांत राहतो, आणि १९८८ मध्ये रूझिच्का यांनी त्याला यान बुखार या ज्येष्ठ कोळी-अभ्यासकांवरून बुखारी हे नाव दिले. वुबानॉइडिस उरालेन्सिस हा दुसरा, उरल पर्वताच्या नावाचा, पण मध्य युरोपातील दगडांखालीही सापडलेला. हिमयुगात या प्रदेशात जे जीव उघड्यावर हिंडत होते, त्यांतील काहींनी हवा तापल्यावर डोंगर चढण्याऐवजी जमिनीत उतरणे पसंत केले असे म्हणता येईल. अंधारात पिढ्यानपिढ्या राहून त्यांच्यातील काहींचे पाय लांबले आणि रंग फिकट झाला.

ॲपलाचियनच्या कोळ्यापेक्षा घसाऱ्यातील कोळी एका बाबतीत सुदैवी आहे. त्याची थंडी दगडांच्या रचनेतून तयार होते, झाडाच्या सावलीवर ती सर्वस्वी अवलंबून नाही. त्याचा शत्रू वेगळा आहे: दगडाची खाण. घसाऱ्याच्या पायथ्याचे दगड उचलले की धुराड्याचे खालचे तोंड बिघडते आणि वर्षानुवर्षे साठत आलेली थंडी काही उन्हाळ्यांत निघून जाऊ शकते. खडी आणि मुरमासाठी टेकड्या कापल्या जाताना पाहत वाढलेल्या माझ्यासारखीला हे समजायला चित्र लागत नाही.

मॉसकोळ्याकडे परत येते. मोठी फर झाडे मेल्यावर त्यांच्याखाली रुजलेली रोपे वाढू लागली आणि आज काही माथ्यांवर तरुण फरची दाट राई उभी आहे. साल जुनी होऊन तिला भेगा पडू लागल्या की कीटकाला तिच्यात बस्तान बसवणे सोपे जाते, त्यामुळे ही राई प्रौढ झाल्यावर तिचे काय होईल हा खरा प्रश्न आहे. काही ठिकाणी तांबड्या स्प्रूसची सावलीही मॉसला पुरते. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलेन वादळाने या पर्वतांत हाहाकार केला, माणसांचे फार मोठे नुकसान झाले, रस्ते वाहून गेले आणि माउंट मिचेलचे उद्यान दीर्घकाळ बंद ठेवावे लागले. त्या दिवसांत ओळखीच्या माणसांची चौकशी करून झाल्यावर रात्री मला त्या धोंड्याची आठवण येई आणि त्याच्या उत्तरेकडच्या बाजूवर आता कोणते झाड सावली धरत असेल, हे मनाशी आठवून पाहत असे. तिथे मनगटाएवढ्या बुंध्याचे एक फर होते आणि त्याच्यामागे, थोडे उतारावर, त्याहून जुने स्प्रूस होते.

हवामान तापत गेले तर ढगांचा तळ वर सरकेल, ही काळजी या माथ्यांबाबत वारंवार व्यक्त होते. ढग शंभर मीटर वर गेला तर ग्रँडफादरवरच्या १६६ मीटरांपैकी किती उरतात, याचा हिशेब कुणालाही करता येईल. मॉसकोळी राहतो त्या धोंड्यांच्या बाबतीत मला या हिशेबापेक्षाही एक बारीक गोष्ट जास्त लागून राहते. पाहणी करणारे संशोधक गादीचा एखादा कोपराच हलकेच उचलतात, खालची जाळी पाहतात आणि कोपरा पुन्हा बसवून तळव्याने दाबून ठेवतात, जेणेकरून मातीचा पातळ थर खडकाला लागलेला राहील. गेल्या महिन्यात फोनवर वडिलांना मी हे सांगितले. ते म्हणाले, यंदा कळसूबाईच्या शिड्यांजवळच्या कातळावर तसलीच मखमल आली आहे, आणि आपण तिच्यावर पाय न देता बाजूने चढलो.